'पेशवाईची वस्त्रे मिळाली' म्हणजे नक्की काय मिळालं? जामदारखाना आणि तोशाखान्याची सोपी गोष्ट

इम्रान खानची तोशाखाना केस गाजत होती तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी विचारलं होतं, हा तोशाखाना म्हणजे तिकडच्या जेलचं नाव आहे का? सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या पण उत्तर एकानंही दिलं नाही, मीपण नाही, कारण मलाही एवढंच माहीत होतं की परदेशातून मिळालेल्या भेटी ठेवायची ती सरकारी खोली. मग वाचत गेलो आणि कळलं की ही खोली मुळात कपड्यांची होती, राजाच्या कपड्यालत्त्याची. आणि तिची सख्खी बहीण आपल्या मराठी राज्यातपण होती, तिचं नाव जामदारखाना.

त्यावरून शाळेतला एक जुना किडा परत वळवळला. इतिहासाच्या पुस्तकात वाक्य असायचं, अमुक साली अमुक यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. आपण ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क घेतले आणि कधी विचारलंच नाही की अहो पंतप्रधानपद मिळालं ना, मग कपडे कुठून आले मध्येच?

आधी तीनचार शब्द, मग पुढे अडायला नको

पहिला शब्द खिलत. अरबीतून आलेला, आणि त्याच्या मुळात अर्थ आहे 'अंगातून काढलेलं'. म्हणजे राजा खूश झाला, स्वतःच्या अंगावरचा झगा काढला आणि समोरच्याला घातला. पुढे राज्यं मोठी झाली, माणसं वाढली, राजा काय दिवसभर कपडे काढत बसणार नाही, मग त्यासाठी वेगळा स्टॉक ठेवायला लागले. पण कल्पना तीच राहिली की हे कापड राजाच्या अंगाचंच आहे.

दुसरा सरोपा, फारसीत सर म्हणजे डोकं आणि पा म्हणजे पाय, डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख, त्याचंच मराठीत शिरपाव झालं. आपल्या कागदपत्रांत साधं 'वस्त्रे' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

तिसरा जामा. खाली भरपूर घेर असलेला लांब अंगरखा, जुन्या चित्रांत सगळे सरदार घालून उभे असतात तो. 'सगळा जामानिमा करून निघाला' म्हणतो ना आपण, त्यातला हाच जामा, निमा हा त्याच्या जोडीचा आखूड कपडा, आणि पायजम्यातपण हाच लपलाय. जामा सांभाळणारा तो जामदार, आणि तो जिथे बसतो तो जामदारखाना. जामदार आडनावाची माणसं सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्या आडनावात राजाचं कपाट आहे हे फार जणांना माहीत नसतं.

कपडा हीच ऑर्डर

नवीन नोकरी लागली की काय काय मिळतं? ऑफर लेटर, आयकार्ड, कधी युनिफॉर्म, आणि मग लिंक्डइनवर फोटो टाकून जगाला सांगणं. वस्त्रे म्हणजे हे चारही एकत्र. सनदेचा कागद असायचाच, शिक्का आणि कट्यारही मिळायची, पण कागद वाचता येणारी माणसं किती होती त्या काळात? भर दरबारात जरीचा पोशाख घालून माणूस बाहेर आला की वाचता न येणाऱ्यालाही कळायचं, हा आता कोण आहे आणि कुणाचा आहे. यातलं 'कुणाचा' हे जास्त महत्त्वाचं, पुढे येतंच ते.

१७२० साली छत्रपती शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. १७६१ मध्ये पानिपतानंतर माधवरावाला मिळाली, वय १६. आणि कहर म्हणजे १७७४. नारायणरावाचा खून झाला होता, रघुनाथराव आधीच १७७३ मध्ये वस्त्रे मिळवून पेशवा होऊन बसले होते, आणि इकडे पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईंना, मुलगा झाला. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी साताऱ्याहून, छत्रपतींकडून, त्या बाळाच्या नावानं वस्त्रे आणवली. बाळ किती दिवसांचं? ४०. म्हणजे धड मान धरत नाही त्याला पेशवाईचा पोशाख! आता हा पोशाख अंगाला बसतोय का हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता की रघुनाथरावांकडे वस्त्रे आहेत तर आमच्याकडेही पाहिजेत, त्याशिवाय पेशवा आमचा हे सिद्धच होत नाही. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला की वस्त्रे ही घालायची गोष्ट आहे त्याहून जास्त दाखवायची गोष्ट आहे.

सगळ्यांना सारखीच मिळायची का?

अजिबात नाही. लग्नात आपल्याकडे मानपानाची यादी असते बघा, व्याह्यांना काय, मामाला काय, लांबच्या चुलत्याला नुसती टॉवेलटोपी, आणि त्यात चूक झाली की पंधरा वर्षं बोलणं बंद. मुघल दरबारात हीच यादी पक्की ठरलेली होती. सगळ्यात साधी खिलत तीन कपड्यांची, पगडी, जामा आणि कमरेचा शेला. त्याच्या वर पाच कपड्यांची, तिच्यात सरपेच म्हणजे पगडीवरचा दागिना आणि पगडीवर बांधायची पट्टी वाढायची, आणि ही थेट तोशाखान्यातून यायची, साध्या खिलती ठेवायची कोठी वेगळी. मग सहा, मग सात. आणि सगळ्यांच्या वर बादशहाने स्वतः वापरलेला कपडा.

म्हणजे आपल्याकडे जुना कपडा दिला की अपमान, आणि तिथे वापरलेला कपडा हा सगळ्यात मोठा मान. खिलतचा मूळ अर्थ आठवा, अंगातून काढलेलं, म्हणजे हे बरोबरच आहे. पण बाहेरून आलेल्याला हे कळायचं नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो जहांगिराच्या दरबारात होता, त्याला १६१६ मध्ये शहजादा खुर्रमने म्हणजे पुढच्या शाहजहानने आपला वापरलेला जरीचा झगा दिला. इथे हा फार मोठा मान समजतात हे रोनं लिहून ठेवलंय, पण वर टोमणापण मारलाय की नाटकात मुघलांच्या पूर्वजाचं, तैमूरचं काम करणाऱ्या नटाला हा झगा शोभला असता.

आणि हो, 'शिरपेचात मानाचा तुरा' ही हेडलाइन दर आठवड्याला कुठल्यातरी पेपरात असते, तो शिरपेच म्हणजे हाच सरपेच. दहावीचा निकाल लागला की आपण अजूनही पोरांना मुघल दरबारातला दागिना घालतोय.

मग जामदार म्हणजे इस्त्रीवाला का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण बहुतेकांना असंच वाटतं.

शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेत बारा महाल आणि अठरा कारखाने सांगितलेत. कारखाना म्हणजे इथे फॅक्टरी नाही, राजघराण्याचं एकेक खातं. खजिना, जवाहिरखाना, तोफखाना, दारूखाना (बंदुकीची दारू हां), मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाक, फरासखाना म्हणजे तंबू आणि बिछायती, नगारखाना, पीलखाना म्हणजे हत्ती, आणि याच रांगेत जामदारखाना. बघा, तोफा आणि कपडे एकाच यादीत आहेत. कपडे ही हौस असती तर त्यांना तोफांच्या शेजारी जागा मिळाली नसती.

कारण एक, कपडा म्हणजे पैसा. किनखाप, जर, बादली कामाचे शेले, यात खरं चांदी-सोनं असायचं. जुनी जर विकत घेणारे अजूनही आपल्या गल्लीत फिरतात, ते साडी घेत नाहीत, त्यातली चांदी घेतात. त्यामुळे जामदारखान्यात दागिने, किमती भांडी असा ऐवजही राहू लागला आणि शब्दाचा अर्थच हळूहळू खजिन्याकडे सरकला. तुळजापूरला भवानीच्या दागिन्यांच्या आणि पोशाखांच्या कोठीला आजही जामदारखानाच म्हणतात, त्यातल्या दागिन्यांच्या हिशोबाच्या बातम्या अधूनमधून वाचल्या असतील.

कारण दोन, हिशोब. इथे मुघलांचं उदाहरण घेऊ, कारण 'ऐन-ए-अकबरी'त, म्हणजे अकबराच्या कारभारावरच्या ग्रंथात, तोशाखान्याचं कामकाज लिहूनच ठेवलंय. कुठला कपडा कोणत्या दिवशी आला, किंमत किती, रंग कोणता, वजन किती, सगळ्याची नोंद आणि त्याप्रमाणे लावलेल्या रांगा. दर हंगामाला एक हजार पूर्ण पोशाख तयार व्हायचे आणि त्यातले १२०, बारा गाठोड्यांत बांधून, कायम हाताशी तयार. म्हणजे बादशहा भर प्रवासात कुणावर खूश झाला तरी 'उद्या देतो' म्हणायची वेळ नाही. आजच्या भाषेत हे पक्कं इन्व्हेंटरी मॅनेजमेंट आहे, फक्त बारकोड नाही. अकबराला या खात्यात इतका रस होता की त्यानं कपड्यांची नावंच बदलली, जाम्याला सर्वगाती, शालीला परमनरम आणि चपलांना चरणधरण. परमनरम तर आज कुणी शालीचा ब्रँड काढला तरी चालेल.

कारण तीन, आणि हे खरं मोठं, प्रोटोकॉल. समोर उभ्या माणसाला तीन कपड्यांची द्यायची की पाचची, मंदील म्हणजे जरीची पगडी कुठल्या प्रतीची, सरपेच द्यायचा की नाही, यात चूक झाली तर भांडण थेट लढाईपर्यंत जाऊ शकतं. ही यादी नीट लागू होते की नाही ते शेवटी कपाट उघडणाऱ्याच्या हातात. शिवाय हा माणूस राजाच्या अंगाला लागणारं कापड हाताळतो, म्हणजे विश्वास केवढा लागेल. विष लावलेली खिलत देऊन माणूस मारला अशा दंतकथा राजस्थानात सांगतात, खऱ्या म्हणून मी त्या सांगत नाहीये, पण त्या तयार झाल्या यावरूनच लोकांच्या मनातली भीती कळते.

बाकी रोजचा त्रास तर वेगळाच. घरी एक पैठणी सांभाळायची तर आई ती मलमलच्या कापडात गुंडाळते, वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घालते नाहीतर जर घडीवर तुटते, कडुनिंबाचा पाला ठेवते, पावसाळ्यात कपाट उघडलं की पहिला वास घेते. आता हेच शेकडो पोशाखांचं करा, आणि तेही रायगडाच्या पावसात.

हे सगळे आपल्याकडचेच थाटमाट ना?

असं इंग्रजांना वाटायचं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या घरी डिट्टो हेच होतं. लंडनमध्ये राजाचं कपड्यांचं मोठं खातं होतं. १६०४ मध्ये पहिला जेम्स राजा शहरात मिरवत येणार होता, तेव्हा या खात्यातून राजाच्या नाटक कंपनीतल्या नटांना प्रत्येकी साडेचार यार्ड लाल कापड दिल्याची नोंद आहे, आणि त्या नटांच्या यादीत शेक्सपिअरचं नाव आहे. म्हणजे शेक्सपिअरलापण शिरपावच मिळाला की.

तिथे राणीच्या पोशाखांची मुख्य मानकरीण असायची, ती बहुतेक एखादी डचेस. तिनं इस्त्री नाही करायची, पण राणीच्या भोवतीच्या मानकरी बायकांत तिचा पहिला मान. १८३९ मध्ये व्हिक्टोरिया राणी विशीत पण नव्हती, नवीन पंतप्रधान होऊ घातलेला रॉबर्ट पील म्हणाला, तुमच्या भोवतीच्या बायका सगळ्या विरोधी पक्षवाल्यांच्या घरातल्या आहेत, त्यातल्या काही बदला. राणी म्हणाली, एकही बदलणार नाही. पीलनं सरकार बनवायलाच नकार दिला आणि आधीचा पंतप्रधान मेलबर्न परत आला! राणीच्या खोलीत कुणी असावं यावरून सरकार बनता बनता राहिलं, आणि आपण म्हणतो मानपानाचं वेड आपल्यालाच.

२०२३ मध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक टीव्हीवर बघितला असेल, त्यात त्याच्या अंगावर घातलेला सोनेरी झगा १८२१ सालचा होता, चौथ्या जॉर्जसाठी शिवलेला. दोनशे वर्षं तो कपडा टिकला म्हणजे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तो जपला.

आणि वस्त्रे नाकारली तर?

आता मघाचं 'कुणाचा'. वस्त्रे घेतली की तुम्ही देणाऱ्याचे झालात, सगळ्यांसमोर. त्यामुळे घेणं आणि न घेणं दोन्ही राजकारण.

१६६५ मध्ये पुरंदरच्या तहानंतर औरंगजेबाचं फर्मान आणि खिलत आली, तेव्हा मिर्झाराजे जयसिंगाच्या सांगण्यावरून शिवाजी महाराज काही मैल पायी सामोरे गेले आणि खिलत स्वीकारली. तहाचा भागच होता तो. पुढच्या वर्षी १२ मे १६६६, आग्रा, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. शहजाद्यांना खिलती दिल्या, वजीर जाफरखानाला दिली, जोधपूरच्या जसवंतसिंगाला दिली, महाराजांना नाही, आणि वर उभं केलं मागच्या रांगेत. महाराज भर दरबारात भडकले हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुढचं कमी लोक सांगतात, की नंतर त्यांना शांत करायला खिलत देऊ केली तेव्हा त्यांनी ती घालायलाच नकार दिला, मारा नाहीतर कैद करा पण घालणार नाही. आपण शाळेत हे 'रागीट स्वभाव, स्वाभिमान' असं शिकतो. पण वस्त्रांची भाषा कळली की दिसतं, तो नुसता राग नव्हता, तो भर दरबारात, सगळ्यांना कळेल अशा भाषेत दिलेला नकार होता, की मी तुझा नोकर नाही.

म्हणूनच १६७४ चा राज्याभिषेक या बाजूनेपण बघावा असं मला वाटतं. त्यानंतर महाराज वस्त्रे घेणारे उरले नाहीत, देणारे झाले. आणि देणारा झाला की जामदारखाना लागतोच.

पण साताऱ्याचे छत्रपती तर नावालाच होते ना नंतर?

हो, १७७४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींच्या हातात फार काही उरलं नव्हतं, खरा कारभार पुण्यात. मग कशाला त्यांच्याकडून वस्त्रे? तर डिग्रीच्या सर्टिफिकेटवर ज्यांची सही असते त्यांनी तुमचा पेपर तपासलेला नसतो, तुम्हाला शिकवलेलं नसतं, पण ती सही नसेल तर कागद रद्दी. तसंच. ताकद एकाकडे असते आणि मान्यता दुसऱ्याकडे, आणि ताकदवाल्याला मान्यता हवीच असते, उलट जास्त हवी असते.

याचं सगळ्यात भारी दृश्य पुण्यात झालं, १७९२ मध्ये. महादजी शिंदे दिल्लीच्या शाहआलम बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक म्हणजे बादशहाचा मुखत्यार या पदाची वस्त्रे घेऊन आले. बादशहा तोवर आंधळा, महादजींच्याच संरक्षणात जगणारा. नाना फडणवीसांना हे पसंत नव्हतं, छत्रपतींच्या परवानगीशिवाय पेशव्यानं दुसऱ्याची वस्त्रे कशी घ्यावी, मग साताऱ्याची परवानगी आणली. मोठा शामियाना उभारला, त्यात बादशहाचं म्हणून एक सिंहासन, रिकामं, त्यावर फर्मान आणि पोशाख ठेवलेला. सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या सिंहासनाला तीनदा मुजरा केला, १०१ मोहरा ठेवल्या, नऊ वस्त्रांचा पोशाख घेतला, शेजारच्या तंबूत जाऊन घालून आले. राजा हजर नाही, त्याचा कपडा हजर आहे, आणि मुजरा त्याला. ४० दिवसांचं असताना ज्याच्या नावानं वस्त्रे आणली होती ना, तोच हा मुलगा, आता १८ वर्षांचा.

शेवटी लाचच ना ही?

ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांना असंच वाटलं. दरबारात जाताना आपण काही ठेवायचं त्याला नजर म्हणतात, आणि बदल्यात खिलत मिळते. त्यांनी हिशोब मांडला, मोहरा दिल्या, झगा मिळाला, म्हणजे सौदा झाला. नात्याची भाषा त्यांनी बिलासारखी वाचली. अर्थात त्यांच्या लोकांनी भेटींच्या नावाखाली भरपूर ओरबाडलंही, म्हणून १७७३ च्या कायद्यानं कंपनीच्या नोकरांना इथल्या राजेरजवाड्यांकडून भेटी घ्यायला बंदी केली. पण भेट नाकारली तर समोरचा दुखावतो. मग तोडगा निघाला, भेट घ्यायची, सरकारी तोशाखान्यात जमा करायची, आणि पुढच्या राजाला द्यायची वेळ आली की त्यातलीच काढून द्यायची.

ओळखीचं वाटतंय ना? माझ्या आत्याचं कपाट. आहेरात आलेल्या साड्या, सत्कारातल्या शाली, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली की कुणाकडून आली, म्हणजे परत त्यांनाच जायला नको. तिला मी आता जामदार म्हणतो.

भारतात आजही परराष्ट्र मंत्रालयात तोशाखाना आहे, मंत्री-अधिकाऱ्यांना परदेशात मिळालेल्या भेटी तिथे जमा होतात. पाकिस्तानातला १९७४ पासूनचा. तिथे तेव्हा ठरावीक रक्कम भरून भेट विकत घेता यायची, इम्रान खानवर आरोप होता की अशा भेटी घेऊन विकल्या आणि त्याची माहिती मालमत्तेच्या विवरणात नीट दिली नाही. त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, ती त्याच महिन्यात स्थगितही झाली, पुढे आणखी केसेस. कायद्याचे बारकावे वकिलांनी बघावेत, पण मुळातला प्रश्न जुनाच आहे: भेट त्या माणसाला दिली की त्याच्या खुर्चीला?

काकांना हे सगळं टाइप करून पाठवलं. दोन दिवसांनी रिप्लाय आला, म्हणजे पुण्यातलं फरासखाना पोलीस स्टेशन हे मूळचं तंबूंचं गोडाऊन का? म्हटलं, हो काका. तर म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं, शेवटी जेलच निघालं.